सलोख्याच्या कार्यक्रमापेक्षा मुक्काम बरा

रमजान आला की आपल्याकडे सामाजिक सलोख्याचे कार्यक्रम सुरू होतात. तालुक्याच्या गावातलं एखादं मंगल कार्यालय, मागे फलक, समोर खजूर आणि फळांच्या डिश, पोलीस निरीक्षकांचं भाषण, नगरसेवकाचं भाषण, शेवटी टोप्या घालून फोटो. तासाभरात सगळे आपापल्या घरी. अशा कार्यक्रमांत मी खुर्च्या लावल्या आहेत, त्यामुळे त्यांची टिंगल करणार नाही. तणावाच्या दिवसांत याच ओळखीतून एखादा फोन जातो आणि भांडण मिटतंही. पण या कार्यक्रमांमधून कुणाला कुणाबद्दल काही नवं कळलं, असं मी पाहिलेलं नाही. पाहुणे म्हणतात, सगळे धर्म एकच शिकवतात. आपणही मान हलवतो. सगळं एकच असेल तर मग विचारायचं काय आणि सांगायचं काय?

माणसं आपल्यापेक्षा वेगळी आहेत, हे तर रस्त्यावरून जातानाही दिसतं. ती कशी आणि का वेगळी आहेत, हे कळायला मात्र त्यांच्या घरी राहावं लागतं. आणि राहताना आपण कोण, हे आधी सांगावं लागतं. माझ्या जुन्नरला याचा साडेपाचशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे.

१५व्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी राजवटीत, अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळ्यात दोन महिने इथे राहिला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. आपला पाऊस तेव्हाही तसाच होता म्हणायचा. या देशात परक्या व्यापाऱ्यांची सोय मुक्कामाच्या घरांत होते आणि घरची बाई पाहुण्यांसाठी रांधते, हेही त्याने नोंदवलं.

जुन्नरचा अंमलदार असद खान याला कळलं की हा माणूस मुसलमान नाही, रूस आहे. त्याने घोडा जप्त केला. इस्लाम स्वीकारलास तर घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही स्वीकारलास तर घोडा गेला आणि हजार मोहरांचा दंड. चार दिवसांची मुदत. निकितिन हादरला. त्याला सोडवलं ते खोजा महंमद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने. तो स्वतः खानाकडे गेला, धर्मांतराचा विषय बंद करायला लावला आणि घोडा परत आणून दिला.

ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली की एक जण असद खानाची बाजू सावरू पाहतो आणि दुसरा लगेच खोजा महंमदला पुढे करतो. दोन्हीची गरज नाही. त्या दोघांपैकी कुणीच आपला आजोबा नव्हता. मला निकितिनचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तो या मुलखात 'खोजा युसुफ खुरासानी' या नावाने वावरत होता. पुढे बीदरला त्याची अनेक हिंदूंशी ओळख झाली आणि तिथे त्याने उघड सांगितलं, मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफानासी. त्यानंतर, तो लिहितो, त्या लोकांनी माझ्यापासून काहीच लपवलं नाही. जेवण, व्यापार, पूजा, घरातल्या बायकासुद्धा. तो महिनोन्‌महिने त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. इथे चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि ते एकमेकांशी जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, लग्न करत नाहीत, ही नोंदही त्याचीच. युसुफ असताना त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर 'परदेसी' हा सिनेमा काढला, त्यात नर्गिस आहे. तेवढ्यावरून त्याचा अंदाज बांधू नका.

आज नाव बदलून वावरणं ही आपल्या पिढीची ओळखीची गोष्ट आहे. पुण्यात खोली शोधताना माझ्या दोन मित्रांनी फोनवर नुसतं आडनाव सांगितलं, कारण त्यांचं आडनाव दोन्हीकडे चालतं. पटेल, इनामदार, देशमुख यांना ही सोय आहे, शेख-पठाणांना नाही. खोली मिळते. पण मग त्या घरात वर्षभर ईद लपवावी लागते, डबा लपवावा लागतो, आईचा फोन गॅलरीत जाऊन घ्यावा लागतो. असं करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ज्याला छप्पर हवंय त्याला तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नाही. एवढंच की अशा घरात वर्ष काढून आपल्याला त्यांच्याबद्दल काही कळत नाही आणि त्यांनाही आपल्याबद्दल.

मी जुन्नर शहरात वाढलो. आमचं घराणं अत्तारांचं. दादाच्या दुकानात ऊद, सुरमा आणि काष्ठौषधी असायच्या. हिरड्याचं पोतं दारातच. तो हिरडा 'वरून' येतो, एवढंच आम्हाला माहीत. वर म्हणजे पश्चिमेला, सह्याद्रीच्या कडेला, जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी आदिवासींच्या वाड्यावस्त्यांतून. माल यायचा, पैसे जायचे, राम राम आणि सलाम व्हायचा. शंभर वर्षांचा व्यवहार असेल, पण आमच्या घरातलं कुणी तिथे रात्रभर राहिलेलं नव्हतं आणि तिकडचं कुणी आमच्याकडे.

मी गेलो तो कॉलेजच्या मित्रामुळे. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. पहिल्यांदा वैशाखात, हिरड्याच्या दिवसांत, चार रात्री. दुसऱ्यांदा आवणीला, तेव्हा पाऊस असा लागला की एसटी दोन दिवस वर आलीच नाही. त्याच्या वडिलांना मी काका म्हणतो, त्यांच्या आईला आजी. पहिल्याच संध्याकाळी मी सांगून टाकलं की मी मुसलमान आहे, पाच वेळा नाही पण दोन-तीन वेळा नमाज पढतो, आणि कोंबडं आमच्या पद्धतीने कापलेलं असेल तरच खातो. काका म्हणाले, "मंग तूच काप की."

मी आयुष्यात कोंबडं कापलेलं नव्हतं. काकांनी पाय धरले, मी बिस्मिल्लाह म्हटलं आणि कसंबसं निभावलं. आजीने विचारलं, काय पुटपुटलास? मी सांगितलं, जीव घेताना ज्याने जीव दिला त्याचं नाव घ्यायचं. ती म्हणाली, "आमीबी वाघबारशीला वाघोबाचं नाव घेतो. फुकट जीव घेत नाय कोन." मग काकांनी सांगितलं की खालच्या गावांत जत्रेचा बोकड कापायला मुलाणीच लागतो, त्याशिवाय मटण कुणी शिजवत नाही. हे खरंच आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त गावाच्या कामकऱ्यांमध्ये मुलाण्याला जागा आहे. हलाल म्हणून आज ज्यावर बहिष्काराच्या गप्पा चालतात, ती मराठी गावाची जुनी रीत होती. पण वर डोंगरात मुलाणी पोचला नाही, त्यामुळे ते आपलं आपण कापतात. हा फरक मला त्या घरी कळला, कुठल्याही व्याख्यानात नाही.

जेवणात नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी होती. मी त्यांना निकितिनची गोष्ट सांगितली, तो स्वतःला खुरासानी म्हणवून घ्यायचा हेही. काका चटणीकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हंजी आमचाच की." घरभर हसू.

खरी अडचण आली ती लग्नाच्या विषयावर. काकूंनी विचारलं, तुमच्यात म्हणे बहिणीशी लग्न लावतात? हा प्रश्न तुम्हाला प्रत्येकाला कधी ना कधी विचारला गेला असेल. वसतिगृहात तो टोमणा म्हणून येतो आणि आपण तोंड फिरवतो किंवा उलट काहीतरी ऐकवतो. इथे विचारणाऱ्या बाईने नुकतंच मला वाढलेलं होतं, आणि बाहेर पाऊस होता. जायला जागा नव्हती. मी सांगितलं, सख्ख्या बहिणीशी नाही, पण चुलत, मामे, आते, मावस बहिणीशी होऊ शकतं. होतंच असं नाही, आमच्या घरात दोनच लग्नं तशी झाली. काकूंना मामेबहीण चालत होती. मामाच्या मुलीवर तर हक्कच सांगतात. चुलत बहीण मात्र त्यांच्या लेखी बहीणच, एका कुळातली. त्यांचा चेहरा उतरला होता, तो मला दिसत होता.

मग मी दुधाच्या नात्याचं सांगितलं. आमच्यात एका बाईचं दूध प्यायलेली दोन मुलं रक्ताची नसली तरी भावंडं होतात, त्यांचं लग्न कधीच होऊ शकत नाही. ती बाई त्यांची आई ठरते. हे ऐकून आजी सरसावून बसली. पलीकडच्या घरातली एक बाळंतीण दगावली तेव्हा तिच्या पोराला आजीने पाजलं होतं. तो आता नातवंडांचा धनी आहे आणि अजून दिवाळीला आजीला लुगडं आणतो. "मंग तुमच्या हिशेबानं त्यो माझा पोरगाच," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्या शरियतप्रमाणे हो, पक्का. चुलत बहिणीचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. काकूंना ते अजूनही पटत नाही, आणि त्यांना ते पटावं असा माझा आग्रहही नाही. पण 'यांच्यात नात्यागोत्याचा काही विचारच नसतो' ही समजूत गेली. विचार आहे, पण रेषा दुसरीकडे मारलेली आहे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात आम्ही 'ई' या शब्दावरच थांबलो असतो.

तिथूनच देजाचं निघालं. आजीच्या लग्नात तिच्या बापाला देज मिळालं होतं. मुलीचं घर एका कामकरी माणसाला मुकतं, म्हणून मुलाकडच्यांनी द्यायचं. मी मेहर सांगितला, तोही मुलाने द्यायचा, पण बापाला नाही, थेट मुलीला, तिच्या मालकीचा. आजीला हे फारच आवडलं. "बापाला कशापायी? तिलाच द्यावा की!" मग तिने पुढचा प्रश्न टाकला, तुझ्या आईला किती मिळाला? मला माहीत नव्हतं. घरी येऊन अम्मीला विचारलं. ठरला होता, मिळाला नव्हता. तिच्याबरोबर आलेला जहेज मात्र माळ्यावर अजून आहे, पितळेची भांडी वगैरे. काकांच्या धाकट्या मुलीच्या लग्नातही आता मुलाकडचे मोटारसायकल मागतायत. देज असलेला समाज आणि मेहर असलेला समाज, दोघांनीही हुंडा मात्र सारखाच उचलला. या विषयावर आपल्या जलशांत भाषणं पुष्कळ होतात, पण अम्मीला तो प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

आणि मग शिवनेरी. गडावरच्या टेकाडावर कोळी चौथरा आहे, आणि तिथेच इदगाहही आहे. लहानपणापासून शिवजयंतीला आम्ही गडावर जातो, चौथऱ्याजवळून कितीदा गेलो असेन. १७व्या शतकाच्या मध्यावर महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध बंड केलं, ते मोडलं गेलं आणि पकडलेल्यांना गडावर आणून मारलं. ही गोष्ट काकांनी मला तिसऱ्या रात्री सांगितली. पहिल्या रात्री नाही, हे लक्षात घ्या. सांगताना त्यांनी मोगल हा शब्द वापरला, मुसलमान हा नाही. मी मुद्दाम विचारलं, काका, हे ऐकून तुम्हाला माझ्याबद्दल काही वाटतं का? ते म्हणाले, "तुजा काय संबंध? तू अत्ताराचा. तवा तुमीबी त्यांना सलामच ठोकीत असनार." पुढे तेच बोलत राहिले. मोगलांनंतर इंग्रज. राघोजी भांगरेंना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. १८७०च्या दशकात आंबेगावातल्या जांभोरीच्या होन्या केंगलेंनी सावकारांविरुद्ध बंड केलं. मग स्वातंत्र्य आलं, आणि डिंभ्याच्या पाण्यात जुनं आंबेगाव बुडालं, म्हणजे ज्याच्यावरून तालुक्याला नाव आहे ते गावच. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं आणि स्वतःच्या रानात जायला परवानगी लागू लागली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडं मोडली, त्याच्या भरपाईसाठी पुढे वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

त्यांच्या यादीत मोगल हा अनेकांपैकी एक होता, ज्याच्या हातात सत्ता होती असा एक. समाजमाध्यमांवर हाच कोळी चौथरा माझ्या अंगावर फेकला जातो, तेव्हा फेकणाऱ्याला डिंभ्याचं काही घेणंदेणं नसतं. आणि आपल्यातले काही जण लगेच 'असं काही घडलंच नाही' म्हणायला धावतात, तेही तितकंच वाईट. घडलं. ज्यांच्यावर घडलं त्यांच्याकडून, त्यांच्या क्रमाने ऐकलं तर ते आपल्याविरुद्धचं आरोपपत्र उरत नाही. पण ते ऐकायला तिसरी रात्र यावी लागते.

हे सगळं गोड वाटू नये म्हणून सांगतो. काकांचे थोरले भाऊ शेजारीच राहतात. दोन्ही खेपेला ते ओट्यावर आले, बोलले, पण मी असताना जेवायला बसले नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आणि एका घरी मुक्काम केल्याने जिल्ह्याचं राजकारण बदलत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान दुकानदारांना बंदी करण्याचा ठराव झाला. प्रशासनाने तो पुढे रद्द केला. तिथे दुकानं लावणारे पिढ्यान्‌पिढ्या येणारे लोक होते, परके नव्हते. तेव्हा ओळख असली की सगळं ठीक होतं, असा माझा दावा नाही. ठरावाविरुद्ध कायद्यानेच लढावं लागतं. शिवाय प्रत्येक वेळी आपणच दुसऱ्याच्या दारात जाऊन स्वतःची समजूत का पटवून द्यायची, हा तुमच्यातल्या अनेकांचा राग मला मान्य आहे. मी काकांकडे समजूत पटवायला गेलो नव्हतो. हिरडा कसा वाळतो ते बघायला गेलो होतो. बाळहिरडा अंगणात पसरायचा, वळवाचं ढग दिसलं की सगळ्या घराने धावत गोळा करायचा; ते करता करता बाकीचं बोलणं झालं.

पण रागाइतकीच दुसरी बाजूही बघू या. आपण किती जणांना मुक्कामाला ठेवतो? ईदला शीरखुर्म्याची वाटी देतो, बिर्याणीचा डबा पोचवतो, आणि पाहुणा तासाभरात जातो. आपल्या मोहल्ल्यांत बिगरमुस्लिम माणूस रात्री राहिलाय, असं मला तरी क्वचितच आठवतं. जागा लहान असते, पडदा असतो, बाथरूम एकच असतं, हे सगळं खरं. काकांच्या घरीही एकच खोली होती.

मागच्या हिवाळ्यात आजीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ती दोघं जुन्नरला आली तेव्हा आमच्याकडे तीन रात्री राहिली. दादीला दखनी येते, आजीला तिची डोंगराकडची मराठी; दोघींचं कसं जमलं देव जाणे, पण पहिल्याच दुपारी दोघी मशेरीवर एकमेकींना सल्ले देत होत्या. शुक्रवारी अब्बा काकांना मशिदीत घेऊन गेले. त्यांनी मागे बसून सगळं बघितलं, इमामसाहेबांनी अत्तर लावलं. आजी म्हणाली, मला पण बघायचंय. मग गप्पगप्प झालं, कारण आमच्या मशिदीत बायका जात नाहीत. दादी पन्नास वर्षं त्या मशिदीच्या समोरच्या घरात राहते आणि ती कधी आत गेलेली नाही.

मी आजीला सांगितलं की धर्मात तशी मनाई नाही, पुण्याच्या एका दाम्पत्याने २०१९ मध्ये यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि पर्सनल लॉ बोर्डानेही न्यायालयात सांगितलं की बायकांना मशिदीत जाता येतं. आजीला न्यायालयात रस नव्हता. "मंग जात का नायस?" तिने थेट दादीलाच विचारलं.

दादी म्हणाली, कुणी बोलावलंच नाही. थोड्या वेळाने आजी म्हणाली की तिच्या गावच्या देवराईतही बायकांनी एका दगडापुढे जायचं नसतं. तीही कधी गेलेली नाही. का, ते तिलाही कुणी सांगितलेलं नाही. मग दोघी, त्या दगडापलीकडे काय असेल आणि मशिदीच्या आत काय असेल, यावर बोलत बसल्या. काकांनी आतून बघितलं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.